धोंड्याचा कंप्रेसर

आप्पांचं गॅरेज गेलं. तिथे आता माईंची पिस्ता रंगाची गाडी उभी असते.

हे तुम्ही वाचलं नाही असं समजा. माझ्या सासुरवाडीत सगळे तसंच समजतात. आप्पा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी गॅरेजात जातात, गाडीला वळसा घालून मागच्या भिंतीपर्यंत पोचतात आणि "इथं जरा दाटी झाल्यागत वाटतंय" एवढंच म्हणतात. तेव्हा मीही, गाडी नाही आणि गॅरेजात आप्पांची कार्यशाळा आहे, असं धरून सुरुवात करतो.

मी पाटावर बसलो होतो. समोरच्या ताटात पुरणाचे धोंडे, शेजारच्या परातीत तेहतीस अनारसे, आणि उजव्या हाताला लाल कापडाखाली झाकलेलं काहीतरी. त्याला चाकं होती.

लग्नानंतरचा माझा तो पहिला धोंड्याचा महिना. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्या महिन्यात जावयाला घरी बोलावून जेवू घालतात, जाळीदार म्हणून अनारसे देतात, तेही तेहतीस, आणि वर वाण म्हणून एखादी वस्तू. माझ्या एका मित्राला चांदीची वाटी मिळाली होती, दुसऱ्याला अंगठी. चाकं असलेली वाटी मी कधी ऐकली नव्हती.

"काढा कापड, पाहुणं," आप्पा म्हणाले.

मी कापड काढलं. खाली एक लाल टाकी होती, टाकीवर मोटर, मोटरीला कुंकू.

माझ्या सासूबाई माई निरांजन घेऊन ओवाळत होत्या. त्यांचा हात अर्ध्या फेरीत थांबला.

"हे काय आणलंय?"

"वाण."

"चांदीचा तांब्या ठरला होता."

"चांदी पडून राहती. हे चालतंय."

"काय आहे पण ते?"

"कंप्रेसर. हवेचा. ह्याच्यावर सगळी अवजारं चालत्यात."

"पाहुणे बँकेत कॉम्प्युटरवर बसतात. त्यांना अवजारं कशाला?"

"म्हणून तर. हात मोकळे हायत त्यांचे."

माझी बायको केतकी माझ्या कानाशी वाकली. "छान आहे म्हण."

"छान आहे," मी म्हणालो. मग मला वाटलं आणखी काहीतरी म्हणायला हवं, म्हणून म्हणालो, "मला हाच रंग आवडतो."

डाव काय होता ते मला जेवताना कळलं. गॅरेजात यापुढे एकही नवी वस्तू येणार नाही, असा माईंचा सहा महिन्यांपासूनचा हुकूम होता. कारण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माई गाडी शिकल्या होत्या, पहिल्या झटक्यात लायसन्स काढलं होतं, आणि आता त्यांना गाडी घ्यायची होती. गाडीला गॅरेज लागतं. गॅरेजात आप्पा होते. चार वर्षांपूर्वी गिअर बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते तिथेच होते, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. तिथे त्यांनी चार वर्षांत एक स्टूल बनवलं होतं. त्यावर बसून ते दुसऱ्या स्टुलाचा विचार करत.

पण जावयाला दिलेलं वाण परत घेता येत नाही. आणि आमच्या पुण्याच्या वन बीएचकेमध्ये कंप्रेसर ठेवायचा तर मला किंवा केतकीला बाहेर राहावं लागलं असतं.

"तुमचंच हाय ते," आप्पा मला धोंडा वाढत म्हणाले. "निस्तं इथं ऱ्हाऊ दे."

माईंनी कंप्रेसरभोवती एक फेरी मारली. "वाणाला जाळीदार वस्तू लागते. याला जाळी कुठं आहे?"

आप्पांची तयारी होती. त्यांनी हवा आत घ्यायच्या फिल्टरची जाळी दाखवली. "आणि ह्याच्यावरची समदी अवजारं आतनं पोकळ. भोक असल्याबिगर हवेचं अवजार हुतच न्हाई. तेहतीस घिऊ."

"तेहतीस?"

"शास्त्रात हाय."

माईंनी वाढायचं पातेलं खाली ठेवलं. त्या चिडल्या नाहीत. माई चिडल्या की बरं असतं, लवकर संपतं. त्या म्हणाल्या, "रविवारी मी शेजारच्या गल्लीतल्या मोहिते मॅडमची गाडी बघायला आणतेय. दिवसभर चालवून बघा म्हणाल्यात. घ्यायच्या आधी एक चाक तरी काढून आतनं बघावं, असं आमचे शिकवणारे सर सांगतात. तेवढं एक चाक तुमच्या हवेनं काढून दाखवा. जमलं तर गॅरेज तुमचं, गाडी मी रस्त्यावर लावीन. परत कधी विषय काढणार नाही."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर गाडी आत, तुम्ही बाहेर."

आप्पा हसले. एकतीस वर्षं हवेच्या अवजारांवर काम केलेल्या माणसाचं ते हसू होतं. मला ते पुढे बराच काळ आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मणेरांच्या दुकानात गेलो. मणेर कराडात तीस वर्षं अवजारं विकत होते आणि गिऱ्हाइकाला प्रश्न विचारल्याशिवाय स्क्रूसुद्धा देत नव्हते.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे बोट केलं. मीही माझ्याकडे बोट केलं.

"टाकी किती लिटरची, पाहुणे?"

"लाल आहे," मी म्हणालो.

"चोवीस," आप्पा म्हणाले. "टाकीचं काय करायचंय? अवजारं दावा."

"टाकी बघूनच अवजार घ्यायचं असतं, आप्पा. मिनिटाला हवा किती निघते, अवजार हवा किती खातं, त्याचा मेळ बसाय पाहिजे. लाकूड घासायचा सँडर लय खातो. ग्राइंडर तर विचारूच नका. तुमच्या टाकीला मी सांगतो काय घ्यायचं. एक टायरात हवा भरायची गन, एक धूळ उडवायची गन, फार तर बारीक खिळे ठोकायची गन. घरच्या कामाला बास होतंय."

"हवा ती हवा," आप्पा म्हणाले. "कमी कशी पडंल? कंपनीत कधी कमी पडली न्हाई."

मणेरांनी माझ्याकडे बघितलं. मालक म्हणून मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी. मी अवजारांच्या बाबतीत एवढंच जाणत होतो की चांगली वस्तू जड असते. मी दुकानात फिरून एक चांगली जड वस्तू निवडली आणि काउंटरवर आणून ठेवली.

"ही दाराला लावायची अडण आहे," मणेर म्हणाले. "दार उघडं राहावं म्हणून."

"हवेवर चालते?"

"वारं आलं की थोडी हलते. विकायची नाही."

मागे दुकानाचं दार हळूहळू बंद होत होतं. मी अडण परत नेऊन लावली.

शेवटी आप्पांनी निवडलं. नट खोलायची इम्पॅक्ट गन, सँडर, ग्राइंडर आणि हवेवर चालणारी छिन्नी. मणेर प्रत्येक वस्तू काढून देताना "लय खातंय हे" म्हणायचे आणि आप्पा "खाऊ दे की" म्हणायचे. चार अवजारं झाली. एक पाच मीटरचा पाइप, पाच जोडण्या, असे दहा नग झाले. आप्पांनी तेवीस वॉशर घेतले.

"वॉशर धरतात?" मी विचारलं.

"भोक हाय का न्हाई त्याला?"

मणेरांनी पिशवी बांधताना टायरात हवा भरायची एक छोटी गन फुकट वरून टाकली. आप्पांनी ती बाहेर काढली. चौतीस होत होते. मणेर परत घेईनात, आप्पा पिशवीत घेईनात. मी ती खिशात टाकली, कारण काउंटरवर दोघांच्या मध्ये ती फार एकटी दिसत होती.

घरी माईंनी तेहतीसही नगांना हळदकुंकू लावलं. वॉशरना लावायला पाऊण तास लागला. नियमाच्या बाबतीत माई कुणाला बोट दाखवू देत नसत.

रविवारी सकाळी दहाला माई मोहिते मॅडमची गाडी घेऊन फाटकाशी आल्या. पिस्ता रंग, मागच्या काचेवर शाळेचा जुना स्टिकर. आप्पा कंपनीचा निळा शर्ट घालून तयार होते. इस्त्री केलेला. खिशावरचं कंपनीचं नाव धुऊन धुऊन गेलं होतं, दोरे तेवढे होते.

त्यांनी पाइप ओढत आणला. पाइप फाटकाच्या चार मीटर आधी संपला.

"गाडी आत घ्या," आप्पा म्हणाले.

"कुठं आत?" माई म्हणाल्या.

"गॅरेजात. पाइप पुरंना."

"मी आत घेऊ?"

"मग काय पाइप ताणू?"

आप्पांनी स्वतः स्टूल बाजूला केलं, फळकुटं भिंतीला टेकवली, आणि उलट चालत, दोन्ही हात हलवत "येऊ द्या, येऊ द्या, अजून, अजून" करत गाडी आत घेतली. माईंनी ती एका दमात, दोन्हीकडे सारखी जागा सोडून आणली. केतकी माझ्याकडे बघत होती. मी कंप्रेसरकडे बघत होतो. मालक म्हणून मला तेवढंच सुचलं.

जॅक लावला. पुढच्या डाव्या चाकाला चार नट होते. कंप्रेसर सुरू केला, आणि गॅरेजात इतका आवाज झाला की पुढची सहा मिनिटं आम्ही एकमेकांशी फक्त मान हलवून बोललो. टाकी भरली, आवाज थांबला. आप्पांनी गन नटावर धरली आणि घोडा दाबला.

ट्रर्रर्र. नट सुटला, घरंगळत माईंच्या पायाशी गेला.

 आप्पांनी माईंकडे बघितलं आणि दुसऱ्या नटावर गन धरली.

ट्रर्र. ट्र. फस्स.

नट जागचा हलला नव्हता. गनमधून एक उसासा आला आणि कंप्रेसर पुन्हा सुरू झाला. पुन्हा सहा मिनिटं. केतकीने चहा केला. टाकी भरली. ट्रर्र, फस्स. नट चतुर्थांश फिरला. पुन्हा सहा मिनिटं, पुन्हा चहा.

अकरा वाजता दुसरा नट निघाला. तोवर आमच्यात एक पद्धत पडली होती. कंप्रेसर चालू असताना चहा प्यायचा, बंद झाला की घाईघाईने बोलून घ्यायचं, मग आप्पा चार सेकंद काम करायचे.

"टाकी गरम झालीय, आप्पा," मी एका फटीत म्हणालो.

"नवी हाय. लाजतीय."

ट्रर्र, फस्स.

"मणेर म्हणाले होते की..." मी पुढच्या फटीत सुरू केलं, पण तेवढ्यात कंप्रेसर चालू झाला आणि मणेर काय म्हणाले होते ते सहा मिनिटं तसंच राहिलं.

साडेबाराला तिसरा नट निघाला. मी आठ चहा प्यायलो होतो. चौथ्या नटावर कंप्रेसरने भरता भरता एक कडवट वास सोडला आणि तो आपणहून बंद पडला. मी बटण दाबलं. काही नाही. आप्पांनी दाबलं. काही नाही. केतकीने भिंतीवरचा प्लग काढून पुन्हा लावला, कारण बँकेत असो की गॅरेजात, तेवढं करून बघायचंच असतं. काही नाही.

पहिल्यांदाच गॅरेज पूर्ण शांत झालं.

"कंपनीत असं कधी झालं न्हाई," आप्पा म्हणाले. ते स्टुलावर बसले. "एकतीस वर्षांत एकदा न्हाई. गन धरली की नट खाली."

"कंपनीतला कंप्रेसर केवढा होता?" मी विचारलं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझा चोवीस लिटरचा होता.

आप्पांनी हातातली गन मांडीवर ठेवली.

"कंपनीत कंप्रेसर नव्हता."

"मग हवा?"

"भित्तीत हुती."

माई जवळ आल्या. "भिंतीत कशी असंल हवा?"

"भित्तीत पाइप हुता. त्याला कॉक. कॉक उघडला की हवा. समद्या शेडला तशीच."

"आणि भिंतीच्या मागं काय होतं?"

"खोली हुती एक. मी कधी गेलो न्हाई. आमचं काम भित्तीच्या अलीकडं."

"काय होतं पण खोलीत?"

"काय की. आवाज यायचा."

"कसला?"

आप्पांनी माझ्या कंप्रेसरकडे बघितलं.

"असलाच," ते म्हणाले. "निस्ता लय मोठा."

कुणी हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण मी मालक होतो.

"म्हणजे एकतीस वर्षं मागं कुणीतरी तो राक्षस सांभाळत होतं," माई म्हणाल्या, "आणि तुम्ही कॉक उघडत होता."

"मला काय ठावं?"

"तुम्हाला कसं ठावं असणार?" माईंनी घराकडे बोट केलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या आणि जेवायच्या खोलीच्या मधल्या भिंतीला एक चौकोनी खिडकी आहे. ताटं तिथून येतात. "आपलं जेवणपण भिंतीतनंच येतं की."

त्यांचा सूर अगदी साधा होता, वेळ सांगावी तसा. मग त्यांनी गाडीची डिकी उघडून चाकाचा पाना काढला, पदर खोचला, पाना चौथ्या नटावर बसवला आणि एका पायाने त्यावर उभ्या राहिल्या. नट करकरला. त्यांनी जरा उडी मारली. नट सुटला.

चाक काढून त्यांनी आत वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं, म्हणाल्या, "बरी आहे," आणि चाक परत लावून चारही नट पायाने घट्ट केले. मी मधे घड्याळ बघितलं होतं. अकरा मिनिटं.

"टायर बसलाय जरा," त्या म्हणाल्या. "हवा आहे का?"

मी खिशातून चौतिसावा नग काढला. कंप्रेसर तोवर थंड झाला होता. बटण दाबल्यावर काहीच झालं नव्हतं असा सुरू झाला. छोटी गन पाइपाला लावली. दोन मिनिटांत टायर टणक झाला, टाकीत हवा उरलीसुद्धा. माईंनी टायरवर टिचकी मारली.

"हे एक उपयोगी आहे," त्या म्हणाल्या.

त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की गाडी गॅरेजात आहे आणि आप्पांनीच ती हात हलवून आत आणली आहे. आप्पांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी गाडीकडे बघितलं, मग दाराकडे, मग निळ्या शर्टाच्या बाहीकडे, आणि तिच्यावरची धूळ झटकली.

"मी कुठं बसू आता?" त्यांनी विचारलं. वाणावरून वाद घालणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. "नऊ वाजलं की पाय आपसूक इकडं येत्यात माझे."

 माई गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या, भिंत आणि डिकी यांच्यामध्ये आडव्या उभ्या राहून जागा मापली.

"स्टूल बसतंय इथं," त्या म्हणाल्या. "आणि कंप्रेसर. दर रविवारी चारी टायरात हवा बघायची. ते काम तुमचं."

"रविवार सुट्टीचा असतोय."

"मग शनिवारी."

"बरं," आप्पा म्हणाले.

दुपारीच माईंनी मोहिते मॅडमना पैसे देऊन गाडी ठेवून घेतली. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा खिडकीतून ताटं येईनात. आप्पा उठून आत गेले होते. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "एवढं गरम कसं धरता हे?" आणि माईंचा, "फडकं घ्या. फडकं. ते नव्हं, ते पुसायचं." मग खिडकीतून एक ताट आलं, वाकडं, आमटी भातात गेलेलं. माईंनी बाहेर येऊन बसून ते स्वतःकडे ओढून घेतलं आणि जेवायला लागल्या.

मी समजलो प्रकरण संपलं. पण आप्पांनी एकतीस वर्षं एका कंपनीत काढली होती आणि कुठलीही मोठी गोष्ट अर्ज केल्याशिवाय सोडायची नसते हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही पुण्याला निघताना, त्यांनी मला गॅरेजात नेलं, गाडीला वळसा घालून स्टुलावर बसवलं आणि कागद-पेन दिलं. त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं. मालक मी, म्हणून अर्जदारही मी. शेवटचा परिच्छेद घालू नका असं मी दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही, आणि आता मला वाटतं बरं झालं. याला सहा वर्षं झाली. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद.

विषय : राहत्या घरी अर्धा इंची हवेची जोडणी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, आपल्यामार्फत नागरिकांना पाणी पाइपाने पुरवले जाते, त्याच धर्तीवर आमचे गॅरेजचे मागील भिंतीत आठ किलो दाबाची हवा चोवीस तास उपलब्ध करून देण्यात यावी. ते शक्य नसल्यास रोज सकाळी नऊ ते सायंकाळी पाच, मध्ये अर्धा तास सुट्टी, या वेळेत सोडण्यात यावी. भिंतीस लागणारे भोक आम्ही स्वखर्चाने पाडून ठेवले आहे. गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी आमचे निदर्शनास आलेली नसल्याने तिची अडचण होणार नाही.

तसेच भिंतीच्या मागे जे कोणी काम करीत असतील त्यांचे नाव कृपया लेखी कळवावे. यापूर्वी एकतीस वर्षे विचारावयाचे राहून गेले आहे. नाव कळाल्यास त्यांना दुपारचा चहा पाठवणे सोयीचे होईल.

कळावे.